सहा बाद

दुकानावर पाटी होती:
तारी रेडिओ सर्व्हिस. व्हॉल्व्ह बदलून मिळतील.
ती कुणी वाचत नसे.
वाचत ते खालचा फळा,
शाळेच्या भंगारातून आणलेला, एक कोपरा उडालेला,
भवानीशंकर रोडच्या फुटपाथवर टेकवून ठेवलेला.

कसोटी असली की भाऊ कान सेटला लावून बसत.
इंग्रजी त्यांना येत नव्हतं.
आकडे येत होते, आणि गर्दीचा आवाज.
चौकार गेला की आवाज पसरतो, म्हणायचे,
विकेट पडली की आधी आत ओढला जातो, मग फुटतो.
एवढ्या भांडवलावर पाच दिवस
अख्खा रस्ता क्रिकेट बघायचा,
खडूत.

सगळ्यात पुढे मजीदभाई मुकादम, समोरचे शिंपी,
जन्मापासून बहिरे.
भाऊंनी भोपळा काढला
की गळ्यातली टेप ओढून स्वतःलाच फाशी द्यायचे.

मग ढवणांच्या मुलानं मस्कतहून पैसे पाठवले
आणि दुसऱ्या मजल्यावर टीव्ही आला, शटरचा,
कुलूप लावायची सोय असलेला.
मग बोनसवर आला, हप्त्यावर आला,
गच्चीत अँटेना इतक्या
की पापड वाळवायला जागा उरली नाही.

मजीदभाईंना मी हाताला धरून वर नेलं.
तासभर बघितलं त्यांनी.
खाली येऊन भाऊंना हातवारे करून सांगितलं:
उभे असतात!
एक धावतो, बाकीचे नुसते उभे,
विजारीला चेंडू घासतात.
तुमच्या फळ्यावर तर सगळे सारखे पळत होते.
भाऊ हसले. मग बराच वेळ
बोटांचा खडू पुसत राहिले.

रविवारच्या हुतुतूला आम्ही सोळा पोरं होतो.
वर्षभरात नऊ.
नवांचे दोन संघ होत नाहीत.

तक्रार करायला तोंड नाही मला.
भाऊ टीव्ही दुरुस्त करायला शिकले,
पैसे बरे मिळाले, आमच्याकडेही आला.
षटक संपलं की साबण, विकेट पडली की स्कूटर.
आई म्हणायची, कुणी बाद झाल्याशिवाय
आपल्याला कुठली दिसायला स्कूटर!
त्याच वर्षी आम्ही स्कूटरला नंबर लावला.

परवा कंपनीच्या पासवर वानखेडेत गेलो.
काचेची खोली, गार हवा, फिश टिक्का.
समोर खरं मैदान
आणि मी त्याच्यावरचा पडदा बघतोय,
कारण तिथे माणसं मोठी दिसतात.
काचेतून आवाज येत नव्हता.
बाद झाला, बाद झाला, शेजारचे उठले.
मी तसाच बसून राहिलो,
आवाज आत ओढला जायची वाट बघत.

फळा अजून आहे.
दुकान इस्त्रीवाल्या रामसजीवननं घेतलं,
त्यावर आता त्याचे दर:
शर्ट दहा, साडी चाळीस, सूट विचारून.
सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसतो
तेव्हा वाळेपर्यंत, जेमतेम मिनिटभर,
साडीच्या खाली भाऊंचं अक्षर दिसतं.
एकशे त्रेचाळीस. सहा बाद.
कुठली मॅच, कोण खेळत होतं,
घरात कुणालाच आठवत नाही.