पाणी उपसताना

सकाळी सहापासून पंप चालू आहे.
बुट्रिंटच्या रंगमंडलात पोटरीभर पाणी,
त्यात दोन कासवं, मागच्या वर्षीची एक प्लास्टिकची खुर्ची
आणि बेडूक, ज्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.
आज महोत्सवाची पहिली रात्र.
तिरानाहून आलेला ध्वनीवाला इल्बर
घड्याळ बघतो, मग बाबांकडे बघतो.
बाबा पाण्याकडे.
"उतरेल," म्हणतात, "पण फार वेळ नाही.
सरोवर इथलं आहे. आपण आलेले."

मी पाइपाचं तोंड धरून बसलेय
त्या भिंतीशी, जिच्यावर अक्षरं आहेत
मुंग्यांसारखी, ओळीनं, दगडभर.
बाबांना ती अर्धीमुर्धी लागतात.
ग्रीक ते यानिनात शिकले,
फरशा बसवता बसवता, मुकादमाच्या शिव्यांतून.
ओलं बोट फिरवत वाचतात:
अमक्यानं तमकीला सोडलं.
अमकीनं एका मुलाला सोडलं. साक्षीदार हे, हे आणि हे.
देव नाही, लढाई नाही, राजा नाही.
नुसती सुटलेल्या गुलामांची यादी.
"पक्के कागद," बाबा म्हणतात,
आणि बोट तिथंच थोडं जास्त वेळ राहतं.

बाबांना कागद मिळायला अकरा वर्षं लागली.
डोंगर ओलांडून गेले तेव्हा मी रांगत होते.
अकरा वर्षं त्यांचा आवाज रविवारी यायचा,
फोनकार्डात शिल्लक असेल तेवढा.

आठला पंप बंद.
गाण्यात इंजिनाची घरघर चालत नाही.
दगडी पायऱ्यांवर माणसं: होड्यांतून आलेले पर्यटक,
शिंपल्यांची शेती करणारे, त्यांच्या बायका,
सूर्यफुलाच्या बिया सोलणारी पोरं.
डोंगरातल्या गावाचे म्हातारे अर्धगोल करून उभे राहतात.
फोती गाणं उचलतो, मिस्तो ते कापतो,
बाकीचे खर्ज धरतात: एक लांबलचक "ए",
ज्याला शब्द नाहीत, श्वास घ्यायला सवड नाही.
एकाचा दम सरला की शेजाऱ्यानं सांभाळायचं,
ऐकणाऱ्याला सांधा दिसता कामा नये.

आज सांधा दिसतो.
थानास फेब्रुवारीत गेला. त्याच्या जागी
कुणी उभं नाही, आणि सगळ्यांनी ती सोडलीय
बरोबर एका माणसाच्या रुंदीएवढी.

तेवढ्यात बेडूक सुरू झाले.
आधी एक. मग सगळं तळं.
इल्बर खडा उचलून धावला,
बाबांनी त्याचं मनगट धरलं.
काही बोलले नाहीत.
फोतीनं भुवई वर केली, आणि आवाज
अर्धा पदर खाली आणला,
जिथं बेडूक होते तिथं.

पाणी फळ्यांच्या फटींतून वर आलं.
म्हाताऱ्यांचे सणाचे बूट काळे होत गेले.
कुणी पाय हलवला नाही.
मी बाबांकडे पाहिलं: ओठ मिटलेले,
पण गळ्याची शीर थरथरत होती.
जवळ सरकले तेव्हा कळलं,
ते त्या मोकळ्या जागेतून गात होते,
एवढ्या लांबून, भिंतीशी उभं राहून,
हात अजून पंपाच्या दोरीवर.

टाळ्या संपल्यावर त्यांनी दोरी ओढली.
दोनदा चुकली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.
"खुर्ची काढ ती," म्हणाले, "उद्या कुणीतरी अडखळेल."