सात पुरेत

बीकेसीच्या नवव्या मजल्यावर
मी एकदा नकाशावरचे चार ठिपके पुसले.
अकरा दवाखान्यांचं काम सात करतील —
स्लाइड चौदा. माना डोलल्या,
कुणीतरी म्हणालं, रंग छान निवडलेत.

आता बैंगनवाडीत, त्या सातांतल्याच एकात
थुंकीच्या डब्यांवर नावं लिहिते.
पगार विचारू नका. आई अजून शेजाऱ्यांना
जुन्या कंपनीचंच नाव सांगते.

शेवंताबाई येतात देवनारच्या डोंगराकडून,
दोनदा बसून, एकदा भिंत धरून.
गोळ्या स्वतः मोजून घेतात,
माझ्या मोजण्यावर भरवसा नाही.
"पहिला हितंच व्हता की, आमच्या गल्लीच्या तोंडाला.
का बंद केला, कुणाला ठावं."

मला ठाऊक होतं.
बोलले नाही. काट्यावर उभं केलं त्यांना :
अडतीस किलो दोनशे.
मागच्या खेपेपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले,
त्यांच्याच चालीनं, दोनदा बसत.
एक हजार नऊशे पावलं भरली.
नकाशावर हे अंतर
माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं जायचं.

दारात त्या वळल्या.
"दमलात व्हय, मॅडम?
टेका जरा. पाणी देते."