कुणाची गं तू?

गगनबावड्याचा घाट चढून
बर्फातून आलेली वाकटी.
पोट फाडलं, तर आतड्याला बिलगून
घड्याळाच्या स्प्रिंगसारखी
गुंडाळलेली अळी. जिवंत.

"धुतलं की झालं," आक्काताई भोई म्हणाली,
पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच,
वयात न आलेल्या.
आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या विचारतात तसं
मी विचारते: कुणाची गं तू?

थेंबभर डीएनए. मध्येच लाइट गेली,
पुन्हा पहिल्यापासून.
पहाटे जेलवर तीन पट्टे उजळले
आणि नाव जुळलं:
देवमाशाच्या जठरात मोठी होणारी जात.

तिथवर जायचं होतं हिला.

वहीत नाव लिहिलं.
ठिकाणाच्या रकान्यात
समुद्र लिहिला, खोडला,
लिहिलं: लक्ष्मीपुरी बाजार,
शनिवार, सकाळी सात.