नाही नकोय

तक्रारपेटीची किल्ली घरच्याच जुडग्यात असते,
त्यामुळे कधी कधी संध्याकाळी
मी घराचं कुलूप तिनंच उघडू पाहते.

दर शुक्रवारी साडेचारला पेटी उघडायची.
गुटख्याच्या पुड्या, कुणा मुलीचा फोन नंबर,
पंखा बंद आहे, पंखा फार जोरात आहे,
एकदा चक्क एक रुपया,
देवापुढच्या पेटीत टाकावा तसा.
आणि क्वचित एखादा खरा कागद, चार घड्यांचा.

खऱ्या कागदाला आवक क्रमांक मिळतो.
मग तो साहेबांकडे, तिथून समितीकडे,
तिथून संबंधितांकडे खुलाशासाठी.
खुलासा येतो: हजेरी कमी भरलेल्यांचा हा कट आहे.
मग मी शिक्का मारते. निराधार.
एकोणीस वर्षांत त्याचं रबर दोनदा बदललं.
आधी काने झिजतात,
निरधर असं उमटू लागतं,
तरी कुणी तक्रार करत नाही.

यंदा दिवाळीनंतर बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा कागद आला.
सतरा सह्या, पहिली शिवांगी भदौरियाची,
हिंदीत, सुबक अक्षर, समास सोडलेला:
ताटके सर घसारा शिकवतात.
सहा आठवडे घसाराच शिकवतात.
रोज फळ्यावर तेच यंत्र, किंमत एक लाख,
आयुष्य दहा वर्षं, भंगारात पाच हजार.
सर फार छान शिकवतात.
आम्हाला पुढचा धडा हवा आहे.

समिती बसली. कचोरी आली.
तोमर म्हणाले, चौदा महिन्यांत निवृत्त होतायत, कशाला उगाच.
मिश्रा मॅडम म्हणाल्या, मुलांचा पाया पक्का नको व्हायला?
साहेब माझ्याकडे वळून मराठीत बोलले
(ते मराठीत शिरले की काहीतरी दाबायचं असतं),
"बाई, तुमच्या ओळखीतले ना? जरा सांभाळून घ्या."
ओळखीतले म्हणजे शिंद्यांच्या छावणीत आमच्याच गल्लीत राहतात,
गणपतीत आरतीला झांजा त्यांच्याकडून येतात.

खुलाशाला तीन ओळींची जागा असते.
सरांनी एकच भरली:
विद्यार्थ्यांचे म्हणणे खरे आहे, काल काय शिकवले ते मला आठवत नाही.
खाली सही. तारीख मागल्या वर्षाची.

तीन दिवस तो कागद माझ्या टेबलावर.
नोंदवहीत अशा खुलाशाला रकानाच नव्हता.
शिक्का उचलला, शाईला टेकवला,
पुसून पुन्हा डबीत ठेवला.

मग पाटणकर बाजारात गेले, जिना चढून निजामभाईंकडे.
चिठ्ठीवर लिहून दिलं: शिकायत में तथ्य पाया गया.
त्यांनी चष्मा वर केला.
"मॅडम, बीच में 'नहीं' छूट गया?"
म्हटलं, नाही. नाही नकोय.
हसले, आणि कापायला बसले.
रबरावर अक्षरं उलटी असतात,
तथ्य तर उलटीकडून कुठलाच शब्द वाटत नाही.

सोमवारपासून कुलश्रेष्ठ नावाची नवी मुलगी
पाचवा धडा घेते. ताटके सर ग्रंथालयात बसतात.
चार वाजता माझ्या खिडकीशी येतात.
"बाई, त्या मुलांच्या अर्जाचं काय झालं?"
मान्य झाला, सर.
"वा. बरोबरच होतं त्यांचं."
आणि इतके खूश होतात,
की कालही झाले होते हे मीच विसरते.

शिक्क्याचे एकशे ऐंशी रुपये
लेखा विभागानं अडवून ठेवलेत.
व्हाउचरवर लाल शेरा आहे:
सदर वस्तूचा वापर किती वेळा अपेक्षित?