सरळ चालव

गाडीच्या पोटाखाली लेझरचे दोन डोळे,
एकेका चाकाच्या वाटेवर.
सकाळी पेडण्यात काजूच्या बोंडांचा वास होता,
दुपारपर्यंत पडद्यावर रस्ता
तापाच्या तक्त्यासारखा चढत-उतरत आलेला.

दर शंभर मीटरला एक आकडा.
दोन म्हणजे पेल्यातलं पाणी हलत नाही.
चार म्हणजे चहा मांडीवर.
सहाच्या पुढे मी पडदा बघत नाही,
कंबर सांगते.

बाणस्तारीला पुलापाशी डांबरावर भेगांचं जाळं,
आमच्या बोलीत मगरीची पाठ.
खाली खाडीत खरी मगर चिखलावर ऊन खात पडलेली.
तिच्यासाठी फॉर्मात रकाना नाही.

धारबांदोड्याला खनिजाचे ट्रक भरून जातात ती बाजू खचलेली,
रिकामे परततात ती अजून सपाट.

तीन वर्षं मी हेच सांगत आले
आल्तिनोच्या बैठकींत, सरपंचांसमोर,
फळ्यावर दोन रेषा काढून:
सगळ्यांत वाईट रस्ता आधी करू नका.
जो अजून बरा आहे त्याला आत्ताच पातळ थर द्या,
तिथला एक रुपया पुढचे सहा वाचवतो.
जो पुरता मोडला तो थांबू शकतो.
त्याला आणखी मोडायला जागा कुठे आहे?

बाबुसो वेळीप तेव्हा दाराशी उभा असायचा,
गाडीची किल्ली बोटात फिरवत.

आता केप्याच्या पुढचा नऊ किलोमीटरांचा तुकडा.
गेल्या वर्षी साडेसात.
शेरा माझ्याच अक्षरात: यंदा काही नाही.
बाबुसोचं घर सातव्या किलोमीटरला, फणसाच्या वळणावर.

आकडा येतोय चार पूर्णांक एक.
चार पूर्णांक तीन.
दुरुस्तीला पात्र.

मी मान वर केली.
खड्डे जागच्या जागी होते.
त्याचे हात मात्र स्टिअरिंगवर इकडे, जरासे तिकडे,
अंधारात, झोपलेल्या पोरांमधून
पाय टाकत कुणी मोरीकडे जावं, तसे.

सवय ना ही? मी विचारलं.
वीस वर्षांची, बाय, तो म्हणाला,
आणि आरशात बघितलं नाही.

परत फिरून घ्यायचा?
टाकीत डिझेल आहे. उजेडही आहे अजून.
पडदा विचारतोय, नोंद जतन करायची का.
फणसाखाली एक पोर उभं राहून हात हलवतंय,
गाडी ओळखून.