हात पुढे करा

परीक्षेला एकोणचाळीस दिवस.
क्वार्टरच्या भिंतीवर, घड्याळाखाली
लिव्हरचा कागद चिकटवलाय,
आठ खण, निळ्या पेनाने.
चौथ्याचे दोन भाग मला दर वेळी वेगळे आठवतात.

बाहेर मंडईचा भोंगा.
चुलबंदच्या पलीकडे तीन अंकी नाटक लागलंय.
नायिका आईची माफी मागतेय
आणि मी बिलिरुबिनचा हिशोब:
दोनच्या खाली एक गुण, तीनच्या वर तीन.
इथे जितके गुण जास्त
तितका माणूस नापास.

पुस्तकात लिव्हर. शाळेत यकृत होतं.
मटणाच्या दुकानात कलेजी, गावात काळीज.
ओपीडीत गेडाम सिस्टर फासळीखाली बोटं दाबून सांगते,
'म्याडम, याचं काळीज मोठं झालं'
आणि रांगेतली त्याची बहीण फिसकन हसते,
'याचं? माह्या पोरीच्या लग्नात
एकावन्न रुपये नाई सुटले याच्यानं!'

एनसेफॅलोपॅथी, पायरी पहिली:
झोप उलटते. दिवसा झोप, रात्री जाग.
पिवळ्या मार्करने रेघ ओढली.
सगळा धडाच आता पिवळा झालाय.

सकाळी बकाराम लांजेवार आला,
नाटक कंपनीचा पेटीमास्तर,
बायकोने दंडाला धरून आणलेला.
सदऱ्याची खालची दोन बटणं उघडी,
पोट बाहेर, पाय सुजलेले,
गळ्यात काविळीची माळ.
माळ लांबली की कावीळ उतरली, म्हणतात.
माळ बेंबीपर्यंत पोचली होती.
डोळे तसेच.

झोप कशी लागते?
'दिवसा झोपतो, रातभर जागा रायतो.'
माझा पेन तिथेच थांबला.
दिवाळीपासून इकडे सगळे असेच झोपतात,
नट, पडदेवाला, चिवडा विकणारी पोरं,
भिंतीला टेकून मी.
पहिली पायरी
कोणाकोणाच्या केसपेपरवर लिहू?

किती पिता? असं विचारलं.
'पिता का' विचारायचं सुचलंच नाही.
'नाटकात पेतो, म्याडम.
बाटलीत कोरा चाय रायते.'
बायको म्हणाली,
'मोहाच्या झाडाखालून बी नाई जात हा.'
मग त्यालाच आठवला
फटफटीवर येणारा सुईवाला,
वीस वर्षांखाली, दर बाजाराच्या दिवशी.
एक सुई, अख्खी टोली.
'टोचली का आंग हलकं होये.'

कार्डावर दोन रेषा उमटल्या.

हात पुढे करा.
मनगटं वर, बोटं पसरा,
जसं कोणाला थांब म्हणताय.
पुस्तकात लिहिलंय, पंख फडफडल्यासारखे.
मला पंख दिसले नाहीत.
बोटं हवेत पट्टी शोधत होती,
काळी दोनवरून घसरत पांढरीवर,
परत वर, परत खाली.
'परवा तिसऱ्या अंकात सूर सुटला याचा,'
बायको हळूच म्हणाली,
'लोकायले वाटलं, गंमत करून रायला.'

एकशे आठ आली. भंडारा.
सिस्टरने लॅक्टुलोजची बाटली बायकोच्या थैलीत घातली,
दिवसातून दोन-तीनदा संडास झालीच पाहिजे, घसा फोडून सांगितलं.
बायकोचं कार्ड: एक रेष. धाकट्याचं: एक.
थोरलीचं अजून ओलं होतं,
पंधरा मिनिटं थांबायचं असतं
आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

रात्री परत तेच पान.
प्रश्न दोनशे सोळा: मद्यपी पुरुष, वय पन्नास,
पोटात पाणी, हाताला झटके.
पुढचं पाऊल कोणतं?
चार पर्याय. एकातही
थोरलीची दुसरी, फिकट रेष नाही.
फिकट असली तरी मोजायची असते.
मी 'क' वर खूण करते.
बरोबर. चार गुण.

भोंग्यातून पेटी येतेय, आज दुसऱ्या कोणाची.
पट्टी एक घर वर धरलीय,
नायिकेला झेपत नाही,
तरी ओढूनताणून गातेय.

मी पान उलटते.
स्वादुपिंड.