नीला

दंडाला पट्टा आवळून मी दोन बोटांनी टिचकी मारते
आणि थांबते.
सगळ्या शिरा सारख्या ऐकत नाहीत.
काही हाक पुरी व्हायच्या आत दारात येतात,
काही आतून कडी लावतात,
विशेषतः जानेवारीत, सकाळच्या पाळीला,
कृष्णेवरचं गार वारं
पेशंटच्या बाहीत शिरलेलं असतं तेव्हा.

बिराप्पा टकले, वय एकसष्ट.
मूळचे जतकडचे,
हयात सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांखाली.
"ताई, पोतं पाठीवर आलं की शिरा अशा उठायच्या,
कंपौंडर आंधळा असता तरी सुई बसली असती."
पोती सुटून चार वर्षं झाली.
दोन्ही मूत्रपिंडं थकली,
आणि शीर खोल गेली,
हरिपूरच्या पेवातल्या हळदीसारखी:
वरून नुसती माती,
खूण ठाऊक असेल त्यालाच सापडणार.

मी तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा माफी मागितली.
"तुमचं काय चुकलं?
तिलाच हाकेची सवय ऱ्हायली न्हाई."

शाळेच्या पुस्तकात दोघींची नावं होती,
रोहिणी आणि नीला.
एक हृदयाकडून निघते, एक हृदयाकडे परतते.
आमच्या वर्गात एक नीला होती खरीच, नीला हेरवाडे,
बाईंनी नाव पुकारलं की
बाकाखाली पेन्सिल शोधत बसायची.

डॉक्टरांनी डाव्या मनगटाशी
दोघींच्या घरांमधली भिंत पाडली.
आता रोहिणीचा लोंढा सरळ नीलाच्या अंगणात.
सहा आठवडे आहेत, म्हणाले,
तेवढ्यात ती रुंद व्हायला हवी, जाड व्हायला हवी.
मी रबरी चेंडू दिला. दाबायचा, सोडायचा.
"आणि या हातानं जड काही उचलायचं नाही."
ते चेंडूकडे बघत राहिले.
लिंबाएवढं ओझं,
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दिलं असेल.

मी विचारलं होतं डॉक्टरांना, चेंडूनं नक्की होतं काय?
ते चहा पीत होते.
"हात राबला की रक्त जोरानं वाहतं.
शिरेची आतली भिंत ते ओळखते, हळूहळू सैल होते.
बसून राहिलेली शीर
प्रत्येक धक्क्याला घाबरून आवळून घेते.
राबलेलीला कळतं
टिचकी कुठली आणि थप्पड कुठली."
मग बिस्किट चहात पडलं
आणि विषय तिथंच राहिला.

पाचव्या आठवड्यात मनगटावर बोट ठेवलं
आणि दचकून उचललं.
आत काहीतरी थरथरत होतं, न थांबता.
"पॉलिशचा ड्रम," बिराप्पा म्हणाले.
"हळद घातली की कारखान्याची भिंत अशीच लागते हाताला."

चेंडूनं काम केलं म्हणायचं, मी म्हटलं.
गंगव्वा पदराआड हसल्या.
"कसला चेंडू! नातवानं क्रिकेटला नेला,
दुसऱ्याच दिवशी गटारात.
तवापासनं काठवट घेतलीया ह्यांनी.
बेचाळीस वर्सांत तांब्या उचलून दिला न्हाई,
आता दोन वक्ताचं पीठ मळत्यात. डाव्या हातानं.
पैल्या आठवड्याच्या भाकऱ्या सगळ्या चिरल्या."
"खाल्ल्यास की," बिराप्पा म्हणाले.

आज पहिली सुई.
मशीन लावलं, नळ्या धुतल्या,
बाहेर मिरजेची बस कुणावर तरी ओरडून गेली.
पट्टा हलकाच बांधला.
दोन बोटं. टिचकी.
आणि मी थांबले, नेहमीसारखी,
तर ती आधीच आलेली,
कातडीखाली, निळी, जरा वाकडी,
पेन्सिल सापडल्यासारखी.

बिराप्पांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.
सुईला नाही घाबरत, म्हणाले,
फक्त बघवत नाही.
मी स्पिरिटचा बोळा फिरवला.
कोपराच्या घडीतून
ज्वारीचं पीठ निघालं.